लिफ्टमधलं भूत आणि आयत्या वेळचा विषय

स्टीलचं झाकण फरशीवर नुसतं पडत नाही. आधी ठणकन ओरडतं, मग स्वतःभोवती फिरत राहतं, फिरता फिरता आवाज बारीक आणि घाईघाईचा होत जातो, आणि आता थांबलं बाई एकदाचं असं वाटावं तर आणखी दोन गिरक्या घेतं. तेवढ्या वेळात घरातलं झोपलेलं मूल उठणार की नाही, याचा निकाल लागायचा असतो.

त्या दुपारी घर अगदी चिडीचूप होतं. भिंगरी नुकतीच झोपली होती. (भिंगरी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त डॉक्टरांच्या फायलीवर चालतं.) मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून, मोबाइलचा आवाज पूर्ण बंद करून भुताचा सिनेमा बघत होते. पडद्यावर विहिरीतून एक हात वर येत होता. हाताला रबरी हातमोजा होता आणि हातमोज्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ठण्ण!

मी चवड्यावर धावले. सासूबाई बिस्किटांच्या डब्यापाशी उभ्या होत्या. गोड बंद असलेल्या माणसानं त्या डब्यापासून जितकं लांब असायला हवं, तितक्या त्या नव्हत्या. झाकण त्यांच्या पायाशी शेवटच्या गिरक्या घेत होतं. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांच्या हातात बिस्किट, माझ्या हातात भूत.

"मी तुझं सांगत नाही, तू माझं सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आणि सरक जरा. कसलं भूत आहे?"

भिंगरी उठली नाही. आमची दुपारची मंडळी मात्र त्या दिवशी स्थापन झाली.

मला भुताचे महागडे सिनेमे आवडत नाहीत. त्यात भूत खरं वाटतं, आणि घरात लहान मूल असताना खरं वाटणारं काही बघायची माझी ताकद नसते. मला आवडतात ते गरीब भुताचे सिनेमे. वटवाघूळ दोऱ्यावर लोंबतंय, दोरा दिसतोय, रक्त म्हणजे सॉस, आणि नायिका किंचाळायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघून परवानगी घेते. पण असे सिनेमे लागोपाठ बघितले की एक गोष्ट लक्षात येते. त्यातलं भूत कधी उगीच चिडलेलं नसतं. एका सिनेमात कारखान्यातलं शिवणयंत्र आपोआप चालू व्हायचं आणि मालकाला कोटासकट शिवून टाकायचं. मी घाबरायच्या बेतात होते, तर सासूबाई बिस्किट मोडत म्हणाल्या, "यंत्राचं काही चुकलं नाही. बायकांना जादा कामाचे पैसे आधीच द्यायला हवे होते."

दुसऱ्या एका सिनेमात रक्त पिणारा एक उमराव होता. सासूबाईंनी त्याला पहिल्याच दृश्यात ओळखलं. "हा घरमालक. दर महिन्याच्या पहिल्याच तारखेला येतो बघ."

नवरा एकदा ऑफिसातून लवकर आला आणि आम्ही पकडल्या गेलो. "तुम्हाला दोघींना यात दिसतं तरी काय?" तो म्हणाला. "मला तर मागं माइक धरून उभा असलेला माणूस दिसतोय."

"अरे, मोठ्या सिनेमात दहा शहाणे विचारतात, हे वाक्य कशाला नि ते कशाला," सासूबाई म्हणाल्या. "असल्या सिनेमाकडे कोणाचं लक्षच नसतं. म्हणून त्याला खरं बोलता येतं. घरातल्या म्हातारीसारखं."

नवरा चहा ठेवायला आत गेला.

आता लिफ्टबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं लिफ्टमुळे घडलं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारत पाच मजल्यांची. लिफ्ट बंद पडली तेव्हा भिंगरी बोबडं बोलायची, आता ती उलट बोलते. इतक्या काळात लिफ्ट दुरुस्त झाली नाही, पण 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी दोनदा रंगवून झाली. सासूबाईंचे गुडघे जिन्याला तयार नाहीत. मध्यंतरी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, तेव्हा नवऱ्यानं आणि वॉचमननं त्यांना खुर्चीवर बसवून खाली उतरवलं. एकाही मजल्यावर कोणी बाहेर आलं नाही. फक्त पहिल्या मजल्यावर अध्यक्षांचं दार फटीएवढं उघडलं आणि आतून आवाज आला, "सांभाळून हं, भिंतीचा रंग नवीन आहे." सासूबाई वर आल्या आणि म्हणाल्या, "आता पुन्हा नाही. मी काय कपाट आहे?" त्यानंतर त्या खाली गेल्या नाहीत.

खाली फाटकाजवळ एक बाक आहे. शेजारच्या इमारतीतली त्यांची मैत्रीण रोज संध्याकाळी तिथं येऊन बसते. ती एका टोकाला बसते, दुसरं टोक रिकामं ठेवते. सासूबाई वर गॅलरीत उभ्या राहतात. दोघी फोनवर बोलतात आणि बोलता बोलता एकमेकींना हात करतात. निरोप घेताना मैत्रीण बाकाच्या रिकाम्या टोकावर दोन थापा मारते. मी कपडे काढायच्या निमित्तानं गॅलरीत असते, आणि मला त्या थापा चौथ्या मजल्यावर ऐकू येतात. येत नसणार, पण येतात.

लिफ्ट दुरुस्त का होत नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात कोणाचाही दोष नव्हता. एवढ्या मोठ्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभेला गणसंख्या लागते. सभा तळमजल्याच्या हॉलमध्ये भरते. वरच्या मजल्यांवरचे घरमालक बहुतेक म्हातारे, त्यांना सभेला खाली यायला लिफ्ट लागते. त्यामुळे दर वेळी चार-पाच माणसं कमी पडायची, आणि लिफ्टचा विषय पुढच्या सभेवर जायचा.

"मग सभा वर घ्या ना," मी एकदा चिटणिसांना म्हणाले. चिटणीस तळमजल्यावर राहतात आणि नियमांवर जगतात.

"नियमात हॉल लिहिलाय, वहिनी."

"मग आईंच्या वतीनं मी येते."

"मालक समक्ष लागतो. सून चालत नाही."

सून चालत नाही हे वाक्य मी तीनदा मनात म्हणून बघितलं. वाईट आहे, पण नियमात बसतं.

अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष निवृत्त आहेत, पण निवृत्ती त्यांना अजून कोणी कळवलेली नाही. कुठल्याही प्रसंगी माइक किंवा माइकच्या आकाराची वस्तू हातात आली की ते "सभा सुरू झाल्याचे जाहीर करतो" असं म्हणतात. भिंगरीच्या वाढदिवसालाही त्यांनी पळी हातात धरून सभा सुरू केली होती, आणि पहिला विषय म्हणून केक घेतला होता. ते मला म्हणाले, "जिना हृदयाला उत्तम असतो. बाकी विषय पुढील सभेत पाहू."

ते पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांचं हृदय तेरा-चौदा पायऱ्यांत भागतं.

त्या दुपारी भिंगरी झोपल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आई, आपणच एक सिनेमा काढू या. भुताचा. लिफ्टमधलं भूत. वार्षिक स्नेहसंमेलनात दाखवायचा. त्यात सगळं लपवून सांगायचं. बघणाऱ्यांना वाटेल भूत बघतोय, आणि आतून लाज वाटेल."

सासूबाईंनी बराच वेळ बिस्किट चावलं. मग विचारलं, "स्नेहसंमेलन हॉलमध्येच असतं ना?"

"हो."

"मग काढ. पण वरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना काम द्यायचं. एकही सुटता कामा नये."

मला वाटलं, त्यांचं मन मोठं आहे.

कथा मी भिंगरीच्या तीन झोपांमध्ये लिहिली. (चौथ्या झोपेत शेवट सुधारणार होते, पण तिनं बाहुलीला टूथपेस्ट भरवली आणि बाहुलीला ती बाधली.) एका दुष्ट मांत्रिकानं एका म्हातारीला लिफ्टमध्ये कोंडलेलं असतं. ती भूत होऊन प्रत्येक मजल्यावर दार वाजवते आणि एकच वाक्य म्हणते, "मला खाली जायचंय." मांत्रिक दर वेळी येतो, राख फुंकतो आणि मंत्र म्हणतो, "पुढील सभेत पाहू, पुढील सभेत पाहू." मंत्र ऐकून भूत पुन्हा गप्प बसतं. यापेक्षा जास्त लपवणं मला जमलं नाही. अध्यक्ष वाचून मला इमारतीतून काढणार, अशी माझी खात्री होती.

अध्यक्षांनी संहिता दोन दिवस ठेवून घेतली आणि मला बोलावलं. चिटणीसही हजर होते.

"काही हरकती आहेत," अध्यक्ष म्हणाले. मी पदर नाही, पण ओढणी सावरली. "पहिली हरकत. भूत लिफ्टमध्ये राहतं, म्हणजे सामाईक जागेत. सामाईक जागेत कुंडी ठेवायची तरी परवानगी लागते."

"भूत मालक आहे की भाडेकरू?" चिटणिसांनी विचारलं.

"मालक," मी म्हणाले. "जुन्या मालक."

"मग थकबाकी नसल्याचा दाखला हवा. सिनेमात एक वाक्य टाका."

"दुसरी हरकत," अध्यक्ष म्हणाले, "लिफ्ट बंद दाखवलीय. बाहेरचे पाहुणे येतात, फ्लॅटचे भाव पडतील. लिफ्ट चालू दाखवा."

"अहो, पण भूत बंद लिफ्टमध्ये..."

"चालू लिफ्टमध्ये कोंडा. काय अडचण आहे? आणि तिसरं. मांत्रिकाचं काम कोण करतंय?"

अध्यक्षांनी संहिता मिटली, खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले, आणि अंगावर काटा येईल अशा घुमाऱ्यानं म्हणाले, "पुढील सभेत पाहूऽऽ." त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. "मंत्र फार छान लिहिलाय हो तुम्ही. कसा ओठावर बसतो."

ते काम त्यांना द्यावंच लागलं. त्यांच्याइतका सराव दुसऱ्या कोणाचा नव्हता.

मग बातमी जिन्यानं वर गेली. आमच्या इमारतीत जिना एवढ्या कामाला मात्र जलद आहे. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले आजोबा, समोरच्या दारातल्या विणकाम मावशी, पाचव्या मजल्यावरचे मास्तर आणि मास्तरीणबाई, सगळ्यांना भूत व्हायचं होतं. सासूबाई धरून पाच भुतं झाली. लिफ्टमध्ये लिहिलंय, 'चार माणसे'. चिटणिसांनी तिथंच अडवलं.

"लिफ्ट बंद आहे हो," मी म्हणाले. "वजनानं काय होणार?"

"सिनेमात चालू आहे ना? मग सिनेमातल्या नियमानं चार."

"भुताला वजन नसतं," बँकवाले आजोबा म्हणाले.

"लेखी आहे का कुठं?"

शेवटी विणकाम मावशींनी तोडगा काढला. त्या लिफ्टच्या बाहेर, जिन्यावर बसून विणणारं भूत झाल्या. त्यांनी शूटिंगच्या दरम्यान खरोखरीचा एक स्वेटर पूर्ण केला आणि तो भिंगरीला बसला.

दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर सल्ला द्यायला आले. "सुळे मी करून देतो. पण एक विनंती. भुताचे दात किडलेले दाखवू नका. लहान मुलांवर परिणाम होतो." त्यांनी सासूबाईंच्या जबड्याचं माप घेऊन इतके सुंदर सुळे केले की सासूबाई ते काढायलाच तयार होईनात. सुळे घालून त्या चहा पीत, सुळे घालून फोनवर मैत्रिणीशी बोलत, आणि एकदा ते चहात पडले तेव्हा नवऱ्यानं गाळणीनं काढले. "माझ्या आयुष्यात मी गाळणीनं काय काय काढीन असं वाटलं होतं," तो म्हणाला, "त्यात आईचे सुळे नव्हते."

कॅमेरा म्हणजे नवऱ्याचा मोबाइल. लिफ्ट चौथ्या मजल्यावर, आमच्याच दारासमोर अडकलेली होती, म्हणून शूटिंग तिथंच; बाकीची भुतं कठडा धरून एखादा मजला चढत-उतरत यायची. भुतांच्या तोंडाला पीठ, डोळ्यांखाली काजळ, अंगावर पांढऱ्या चादरी. प्रश्न उरला चालत्या लिफ्टचा. तो नवऱ्यानं सोडवला. लांब चादरीवर त्यानं मजल्यांचे आकडे, दारं आणि भिंतीचा पोपडा रंगवला. लिफ्टच्या जाळीमागे चादर ताणून धरली आणि वरून खाली ओढली. मोबाइलमध्ये पाहिलं तर खरंच लिफ्ट वर जातेय असं वाटत होतं. आम्ही सगळे जाळीसमोर उभे राहून तेच तेच पुन्हा बघत राहिलो. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "किती दिवसांनी हलली हो."

भिंगरीचं काम मोठं होतं. कोणी काही बोलत असताना मध्येच "कट!" म्हणायचं. ते तिला इतकं आवडलं की अजूनही मी भाजी खा म्हटलं की ती "कट!" म्हणते.

एका दुपारी शूटिंगच्या मध्ये चारही पिठाळलेली भुतं चौथ्या मजल्याच्या पायऱ्यांवर ओळीनं बसून चहा पीत होती, पाचवं भूत म्हणजे विणकाम मावशी विणत होत्या. खालून एक पार्सलवाला मजला चुकून धापा टाकत वर आला. बँकवाले आजोबा अदबीनं उठले आणि म्हणाले, "या, बसा, दमला असाल." त्यानं पार्सल तिथंच ठेवलं आणि तो ज्या वेगानं उतरला, तो पाहून मास्तर म्हणाले, "जिना हृदयाला उत्तम असतो खरा." ते पार्सल अध्यक्षांचं निघालं. तेव्हापासून अध्यक्षांकडे पार्सल आणायला कोणी तयार होत नाही, आणि त्यांना वाटतं, पत्ता चुकतोय.

अशी मजल दरमजल करत स्नेहसंमेलनाचा रविवार उजाडला. हॉलमध्ये भिंतीवर चादर ताणली. पाहुणे आले. खुर्च्या भरल्या. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पाचही कलाकार वर आहेत.

मी धावत वर गेले. सासूबाई पूर्ण वेशात, चादर, काजळ, सुळे घालून खुर्चीत बसल्या होत्या. दारं उघडी होती, बाकीची भुतंही आपापल्या खुर्च्यांत तयार.

"आई, आता कसं करायचं? तुम्ही तर पुन्हा खुर्चीवरून जाणार नाही म्हणालात..."

"म्हातारीला सामानासारखं नेतात," सासूबाई सुळ्यांतून म्हणाल्या. "नटीला सन्मानानं नेतात. जा, सांग खाली, कलाकार आल्याशिवाय सिनेमा सुरू होणार नाही."

मी जाऊन सांगितलं. हॉलमध्ये कुजबूज झाली. सगळ्यात अस्वस्थ झाले अध्यक्ष. त्यांचे तीन व्याही आले होते आणि त्यांना सगळ्यांना मांत्रिक दाखवायचा होता. "चला, चला," ते बाह्या सरसावत म्हणाले, "खुर्चीला चार पाय, आपण चार जण!" नवरा, दातांचे डॉक्टर, चिटणीस आणि अध्यक्ष, असे चौघे चौथ्या मजल्यावर पोचले. पोचेपर्यंत अध्यक्षांचं हृदय उत्तम होऊन गेलं होतं.

ती मिरवणूक मी विसरणार नाही. पुढे भिंगरी "बाजूला व्हा, भूत येतंय!" असं ओरडत. मागे खुर्चीवर सासूबाई, ताठ, एका हातात चादरीचं टोक. प्रत्येक मजल्यावर दारं सताड उघडलेली, लोक टाळ्या वाजवतायत, मुलं किंचाळतायत. प्रत्येक वळणावर अध्यक्ष खुर्ची टेकवायचे आणि कमरेला हात लावायचे. पहिल्या मजल्यावर त्यांचा कोपर भिंतीला घासला.

"सांभाळून हं," वरून सासूबाई म्हणाल्या. "रंग नवीन आहे."

सासूबाईंनंतर आणखी चार खुर्च्या. शेवटच्या खुर्चीत मास्तर होते, आणि मास्तर अंगानं भरलेले आहेत. ते पाचव्या मजल्यावरून खाली आले तेव्हा अध्यक्ष माझ्या ओळखीचे राहिले नव्हते. पण माइक हातात आला आणि सवयीनं काम केलं. "सभा," ते धापा टाकत म्हणाले, "सभा सुरू झाल्याचे जाहीर करतो." चिटणिसांनी सवयीनं पेन काढून नोंद केली.

दिवे गेले आणि माझा सिनेमा सुरू झाला.

लोक इतके हसले की संवाद ऐकू येईनात. सुळ्यांना शिट्ट्या पडल्या. थकबाकी नसल्याच्या वाक्याला चिटणिसांनी एकट्यानं टाळी वाजवली. आणि जाळीमागून लिफ्ट हलली, मजले सरकू लागले, तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला. भुताला कोणी घाबरलं नाही. चालत्या लिफ्टला मात्र माणसं आ वासून बघत होती. "काय ट्रिक आहे!" मागून कोणीतरी म्हणालं. "अगदी खरी वाटते!"

मी अंधारात बोटं मोडत बसले होते. आता मांत्रिक येईल, मंत्र म्हणेल, आणि सगळ्यांना कळेल. मांत्रिक आला. "पुढील सभेत पाहू" घुमलं. भूत गप्प झालं. हॉलही क्षणभर गप्प झाला.

दिवे लागले. दातांचे डॉक्टर माझ्याकडे झुकले. "कळलं हं मला. आमच्या दवाखान्याच्या जागामालकावर आहे ना हा सगळा सिनेमा?" चिटणीस म्हणाले, वीज मंडळावर. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, त्यांच्या थोरल्या जाऊबाई अगदी अशाच आहेत. आणि अध्यक्ष माइक घेऊन भरल्या गळ्यानं म्हणाले, "हा मांत्रिक फार नीच माणूस दाखवलाय. समाजात असे लोक असतात, आपण सावध राहिलं पाहिजे. लेखिकेचं अभिनंदन."

माझा चेहरा पिठाशिवाय पांढरा झाला. इतकं लपवलं होतं की कोणालाच सापडलं नव्हतं. लेखिका म्हणून माझी कारकीर्द जिथं सुरू झाली तिथंच संपली, असं मनात म्हणत मी भिंगरीला मांडीवर ओढलं.

"तर," अध्यक्ष घाम पुसत, सवयीनं पुढे म्हणाले, "आता आयत्या वेळचे विषय..."

पहिल्या रांगेतून एक पांढरा हात वर झाला.

"माझा आहे एक," सासूबाई म्हणाल्या आणि सुळे काढून ओंजळीत घेतले. "लिफ्ट."

हसू पिकलं. अध्यक्षही हसले. "आजी, हे स्नेहसंमेलन आहे. सभा नाही."

सासूबाईंनी फक्त चिटणिसांकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. चिटणिसांनी आपण काय लिहिलंय ते बघितलं. ते बराच वेळ खाकरले. मित्राची बाजू घ्यावी की नियमाची, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, आणि तो त्यांना फार अवघड गेला असं वाटत नाही.

"अध्यक्षांनी सभा सुरू झाल्याचं जाहीर केलंय," ते म्हणाले. "बंद झाल्याचं अजून केलेलं नाही."

"अहो, पण सूचना, गणसंख्या..."

"स्नेहसंमेलनाची सूचना फलकावर महिनाभर आहे. तुमच्याच सहीची. 'सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.' गणसंख्या मोजतो." ते पेन घेऊन उठले आणि मोजत मोजत भुतांपाशी येऊन थांबले. "माफ करा, ओळख पटल्याशिवाय मोजता येत नाही."

मग आमच्या पाचही भुतांनी चादरींच्या टोकांनी तोंडं पुसली. पिठाखालून बँकवाले आजोबा निघाले, मास्तर, मास्तरीणबाई, विणकाम मावशी. शेवटी सासूबाई. त्यांचं नाक मात्र पांढरंच राहिलं होतं. कोणी हसलं नाही. इतकी माणसं या हॉलमध्ये एकत्र बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"गणसंख्या पूर्ण," चिटणीस म्हणाले. "तीन जादा."

खालच्या मजल्यावरचे काही जण चुळबुळले. आम्ही लिफ्ट वापरतच नाही, आम्ही वर्गणी का द्यायची, असं एकानं सुरूही केलं. तेव्हा विणकाम मावशी मान वर न करता, सहज विचारल्यासारख्या म्हणाल्या, "ते होईल हो. पण आता आम्हाला वर कोण नेणार?"

हॉलमध्ये जी शांतता पसरली, तशी माझ्या अख्ख्या सिनेमात एकदाही पसरली नव्हती. वर्गणीवाल्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. आणि मग, अजून कोणी मताला टाकलंही नव्हतं, तोवर अध्यक्षांचा हात वर गेला. दुसरा कमरेवर होता.

"मंजूर," ते कण्हत म्हणाले. "एकमतानं मंजूर. आणि पुढील सभेत नाही. याच आठवड्यात."

घरी आल्यावर मी सासूबाईंच्या केसातलं पीठ झटकत होते. "आई, सगळ्या म्हाताऱ्यांना काम द्यायचं, ते तुम्ही याच्यासाठी म्हणाला होतात?"

"मला काय कळतंय त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. "मी आपली भुताचे सिनेमे बघते." मग जराशानं, माझा उतरलेला चेहरा बघून म्हणाल्या, "तुझा सिनेमा चांगलाच होता गं. त्याशिवाय कोण उतरलं असतं खाली?"

आठवड्याचे तीन आठवडे झाले, पण लिफ्ट झाली. 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी काढायला अध्यक्षांनी छोटा समारंभ ठेवला आणि सभा सुरू झाल्याचे जाहीर केलं. चिटणिसांनी या वेळी पेन काढायच्या आत त्यांनी ती बंदही केली. शिकलेत.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघी लिफ्टमध्ये शिरलो. सासूबाईंनी नवी चप्पल घातली होती. म्हणजे जुनीच, पण न वापरल्यानं नवी राहिलेली. भिंगरीनं हात पुरेल तेवढी सगळी बटणं दाबली, त्यामुळे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत, दार उघडत, कोणी नाही म्हणून दार लावत खाली चालली. सासूबाई जाळीतून सरकणाऱ्या भिंतीकडे बघत होत्या, नवऱ्यानं रंगवलेल्या चादरीकडे बघितलं होतं तसंच. तळमजला आला. समोर फाटकाजवळ मैत्रीण बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं, उभी राहिली, मग पुन्हा बसली आणि बाकाच्या रिकाम्या टोकावर दोन थापा मारल्या. या वेळी मला खरंच ऐकू आल्या.

सासूबाई भराभर निघाल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसानं इतकं भराभर जाऊ नये, पण मी अडवलं नाही. आम्ही दोघी लिफ्टच्या दाराशीच थांबलो. भिंगरी माझं बोट धरून बराच वेळ आजीकडे बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती, म्हणजे काहीतरी येणार हे मला कळलं. मी भाजी, झोप, आंघोळ अशी सगळी उत्तरं तयार ठेवली.

"आई," ती म्हणाली, "आजी भूत झाली तेव्हा सगळे तिला न्यायला आले. मग ती नुसती आजी होती तेव्हा का नाही आले?"